खुर्चीचा हात

सभाघरातल्या जुन्या खुर्चीच्या उजव्या हातावरचा डाग तळव्याएवढा पसरला होता. ओकचं लाकूड तिथे काळं, तुळतुळीत, आणि बोट टेकवलं की किंचित चिकट. एडिथ कॅप्स्टिकने स्पिरिटचा बोळा फिरवला. तो पिवळट तपकिरी होऊन आला. घाम, केकचं लोणी, आणि ओठही. सकाळीच एका पाहुण्या बाईने डोळे मिटून त्या हाताचा पापा घेतला होता.



"पुसू नकोस गं पोरी," दारातून म्हातारा आयझॅक म्हणाला. "लोक तोच बघायला येतात."

"हा माणसांचा मळ आहे."

"त्यात थोडा जॉर्ज फॉक्सचाही असेल."

"मग साडेतीनशे वर्षांत एकदा तरी आंघोळ घालायची होती त्याला."

आयझॅक खो खो हसला. बायको गेल्यावर वर्षभर तो दाढीही करत नसे. आता रोज बूट चकाकवून पाहुण्यांना सांगायचा, फॉक्स डोंगर उतरून आला तो याच खुर्चीत बसला. एडिथ ते ऐकून भांडी घासायला निघून जाई. देव दगडी देवळात नसतो, पाद्र्याच्या हातात नसतो, तो ज्याच्या त्याच्या आत असतो, असं ओरडून सांगत तुरुंगात गेलेला, क्वेकर पंथ सुरू करणारा हा फॉक्स. त्याच्या नावाचे कप आता खिडकीत विकायला रांगेने मांडले होते.

दुपारी क्वेकरांची सभा भरली. भिंती उघड्या, मेणबत्ती नाही, क्रूस नाही. सातजण बाकांवर गोल करून गप्प बसले. लेखनिक आयझॅकच होता. बऱ्याच वेळाने त्याने ठराव लिहिला आणि उभ्याने वाचला. हे बाक हलवायचे. मधोमध काचेची पेटी, वर दिवा, आत खुर्ची. प्रार्थना मागच्या खोलीत.

"मित्रहो, हे मान्य आहे?"

इथे हात वर करून मोजत नाहीत. एकालाही पटलं नाही, तर ठराव तिथेच थांबतो. पटलं तर म्हणायचं, "आशा आहे."

"आशा आहे," म्हातारी टॅबिथा पुटपुटली. बाकीचेही एकेक करून पुटपुटले.

कपांच्या वेळी एडिथनेही हेच म्हटलं होतं. दारावर फॉक्सच्या नावाची पाटी लावायची ठरली तेव्हाही. दोन्ही वेळा तिने आयझॅकचे चकाकते बूट पाहिले होते, आणि ओठांवर आलेला नकार गिळला होता.

"एडिथ?" आयझॅकने पेन उचललेलंच ठेवलं. 

तिने या वेळी बुटांकडे पाहिलं नाही.

"नाही, आयझॅक. मला हे मान्य नाही. खुर्ची आज तुझ्या घरी नेऊ. रात्री जेवायला तू तिच्यावर बस."