जाताना सगळे, येताना तुंगाक्का

मी एक जुना लाल बावटा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कोणत्याही पक्षाचा नाही. मोर्चा, संप, घोषणा यांतलं मला काही जमत नाही. एका म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडता यावा म्हणून माझा जन्म झाला, आणि तेवढंही मला शेवटपर्यंत जमलं नाही.

त्याआधी मी पडदा होतो. म्हैसूरच्या अग्रहार भागात दिलीपराव आणि सुनंदाताई राहतात, त्यांच्या खिडकीवर. दोघं नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे आलेले. दिलीपरावांना कल्पना सुचण्याचा आजार होता. शहर सुधारण्यासाठी नागरिकांनी कल्पना पाठवाव्यात, असं एका समितीनं जाहीर केलं आणि आजार बळावला. हॉर्न वाजवणाऱ्याच्याच कानाशी वाजावा, ही त्यांची पहिली कल्पना. गाईंना रस्त्यावर बसण्यासाठी ठरावीक वेळ द्यावी, ही दुसरी. समितीनं दोन्हींबद्दल आभार मानले आणि विषय संपवला.

शेजारी तुंगाक्का राहायची. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. तिचा थोरला भाऊ रघूत्तमअण्णा रस्त्याच्या पलीकडे, बाजाराच्या बाजूला, एकटा राहायचा. त्याचे गुडघे गेलेले, वॉकरशिवाय चालता येत नसे. दुपारी त्याला सारू-भाताचा, म्हणजे आंबट-तिखट साराचा आणि भाताचा, डबा तुंगाक्काच न्यायची. पूर्वी मध्ये गल्ली होती. मग गल्लीचा मोठा रस्ता झाला, आणि भाऊ होता तिथेच राहून लांब गेला.

"थांबतच नाहीत रे हे गाडीवाले," ती दिलीपरावांना म्हणाली. "मी हात दाखवते, तर तेही हात दाखवतात. काल एकानं नमस्कार केला."

त्याच दिवशी दिलीपरावांना तिसरी कल्पना सुचली आणि मी खिडकीवरून उतरलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना एकेक बादली ठेवायची, बादलीत लाल बावटे. माणसानं एक उचलायचा, उंच धरून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या बादलीत टाकायचा. मच्छरदाणीच्या काठ्या कापून त्यांना पडद्याचे तुकडे शिवले गेले.

"घरातला पडदा न विचारता काढतात," सुनंदाताई शिवता शिवता म्हणाल्या, "आणि कल्पनेचं नाव काय, तर नागरिकांचा सहभाग!"

पहिल्याच दुपारी तुंगाक्कानं मला वर धरलं आणि भरधाव बस थांबली. पडदा असताना माझ्यासाठी डाससुद्धा थांबत नव्हते, मित्रांनो. अण्णानं त्या दिवशी गरम सारू प्यायलं आणि जीभ भाजली म्हणून तक्रार केली. तुंगाक्काला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

समितीचे नरसिंहमूर्ती येऊन पाहून गेले. "ऐडिया सूपर," ते म्हणाले. काही दिवस प्रयोग चालू दे. यशस्वी ठरला तर शहरातल्या प्रत्येक चौकात बादल्या ठेवू. दिलीपरावांनी आमच्यासोबत फोटो काढून घेतला. मी जरा ताठ उभा राहिलो. काठी होतीच.

पण एक गोष्ट मला माहीत होती आणि बोलता येत नव्हती. घरं इकडे आणि बाजार तिकडे. लोक रिकामी पिशवी घेऊन पायी जायचे, तेव्हा आम्हाला हातात धरायचे. परतताना भाजी, नारळ, तांदूळ घेऊन ऑटोत बसायचे. त्यामुळे सगळे बावटे तिकडे जायचे, येत कोणीच नसे. तरी इकडची बादली रोज भरलेली असायची, कारण अण्णाचं जेवण झालं की तुंगाक्का रिकामा डबा काखेत मारून आमची अख्खी मोळी उचलून आणायची. एके दुपारी दिलीपरावांनी तिला तसं पाहिलं.

"तुंगाक्का, हे काय?"

"बावटे. तिकडची बादली भरली होती, इकडे ठण्ण."

"पण एका माणसानं एकच घ्यायचा. नियम आहे."

"अय्यो, मग परत कोण आणणार? ऑटोत बसून कोणी बावटा धरतं का?"

"तेच तर समितीला पाहायचंय. तुम्ही आणत राहिलात तर प्रयोग खोटा ठरेल. लोक आपोआप आणतील. लोकांवर विश्वास ठेवा."

"आहे रे विश्वास. पण मी पण लोकच की."

दिलीपराव हसले, पण नियम हलला नाही. तुंगाक्का शिस्तीची बाई. दुसऱ्या दिवसापासून ती जाताना एक न्यायची, येताना एकच आणायची.

आठवड्याच्या आत इकडची बादली रिकामी झाली. त्या दुपारी मी तिकडे होतो. तुंगाक्का इकडच्या कडेला डबा धरून उभी. अण्णा दाराबाहेर वॉकरला टेकून उभा. शेजारी आमची भरलेली बादली. त्यानं मला उपसलं आणि बहिणीकडे बघून जोरजोरानं हलवू लागला. पलीकडून तिनं पदर हलवला. एक ऑटो तिच्यापाशी थांबला.

"कुठे जायचं, अक्का?"

"समोर."

ऑटोवाला हसला आणि निघून गेला.

नेमके त्याच वेळी नरसिंहमूर्ती पाहणीला आले. त्यांनी दोन्ही बादल्यांत वाकून पाहिलं. इकडची बादली रिकामी, म्हणजे इकडे बावटे उरलेच नाहीत. तिकडची भरलेली, म्हणजे तिकडे कोणी वापरत नाही. प्रयोग अयशस्वी. बादल्या रस्त्यात अडथळा म्हणून उचलल्या गेल्या. दिलीपरावांनी पुष्कळ समजावलं, पण त्यांच्याकडे दाखवायला फक्त फोटो होता.

"ती आणत होती म्हणून चाललं होतं गं," ते घरी येऊन म्हणाले. "मला वाटलं, आपोआप चाललंय."

"पडदेही आपोआपच धुतले जायचे आपल्याकडे," सुनंदाताई म्हणाल्या.

दिलीपराव आता सुट्टीच्या दिवशी तुंगाक्काला हात धरून पलीकडे नेतात आणि परत आणतात. बाकीचे दिवस ते ऑफिसात असतात. अण्णाला भूक मात्र रोज लागते.

आमच्यातले काही बावटे स्कूटर पुसायला गेले. मी मेटगळ्ळीच्या कारखान्यांना लोखंडी सळया पोचवणाऱ्या टेम्पोच्या नशिबी आलो. सळया मागे लांब बाहेर येतात, त्यांच्या टोकाला मला बांधलंय. माझा रंग उडाला, कडा उसवल्या, पण गंमत बघा, आता मला सगळे घाबरतात. माझ्यामागे कोणी जवळ येत नाही.

परवा टेम्पो अग्रहाराच्या त्याच रस्त्यानं निघाला. कडेला तुंगाक्का डबा घेऊन उभी होती. पुढे काहीतरी अडलं आणि टेम्पो थांबला. मागच्या गाड्या सवयीनं लांब थांबल्या. मध्ये मोकळी जागा झाली. तिनं मला पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही, पण हात वर करून ती रस्त्यावर उतरली आणि माझ्या मागून, डबा सांभाळत, सावकाश पलीकडे गेली. अण्णा दारातच होता.

मग टेम्पो सुटला. ती परत कशी आली, ते मला माहीत नाही.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. चांगली गोष्ट आपोआप चाललेली दिसली, तर ती कोण परत आणून ठेवतं ते आधी शोधा, आणि सापडलं तर त्याला थांबवू नका. आणि कधी त्या बाजारातून घरी निघालात, तर ऑटोत बसण्याआधी एकदा वळून बघा. कडेला कोणीतरी रिकामा डबा घेऊन उभं असेल.