माझा सैल पट्टा आणि काकूंचे जपानी

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारच्या फळीवरचा हा चौकोनी डबा तुम्हाला रेडिओ वाटला असेल. तो मी, एक म्हातारा टेपरेकॉर्डर. माझ्या एका बटणाच्या जागी कोटाचे तपकिरी बटण चिकटवलेले दिसते ना? ते ज्यांनी चिकटवले, त्यांच्यामुळे माझ्या आयुष्याचे सोने झाले.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे स्क्रू पिळले आणि चाके फिरवणारा रबरी पट्टा माझ्या पोटात बसवला. त्यांची भाषा मी जेमतेम दिवसभर ऐकली असेन. मग खोक्यात बंद होऊन बोटीने इकडे आलो. पुढची वीस वर्षे मी गाणी वाजवली, भाषणे ऐकवली, लहान मुलांचे बोबडे बोल जपून ठेवले. तेव्हा माझा तोरा काय सांगू! पाहुणे आले की माझ्यावरचा विणलेला रुमाल अलगद काढला जाई. पुढे नवी यंत्रे आली आणि मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात, मोडक्या पंख्यांखाली जाऊन पडलो.

तिथून मला टेलरकाकूंनी उचलले. सारी गल्ली त्यांना याच नावाने ओळखे. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी जपानला गेली आणि तिथेच तिने संसार मांडला. लग्नाला वर्ष होते न होते तोच ती फार आजारी पडली. काकूंचा जीव टांगणीला लागला, पण त्यांना जाता आले नाही. दोन महिने तिच्या सासूने उशाशी बसून तिला भरवले, पुसले, उभे केले. आता लेक बरी झाली होती आणि आठ महिन्यांनी सासूबाईंना घेऊन माहेरी येणार होती.

काकूंना विहीणबाईंचे आभार मानायचे होते. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू आपल्या भाषेत बोल. मी सांगेन ना त्यांना."

"दुसऱ्याच्या तोंडून मानलेले आभार म्हणजे कच्चे टाके ग," काकू म्हणाल्या. "मला पक्की शिलाई हवी."

लेकीने सहा कॅसेटी पाठवल्या. त्यात एक बाई जपानी वाक्य म्हणत आणि पुढे थोडी कोरी जागा सोडत. त्या जागेत ऐकणाऱ्याने तेच वाक्य म्हणायचे. काकूंनी नेम केला, एका काजाला एक वाक्य. काज पुरे होईपर्यंत सुईही चाले आणि जीभही. त्यांचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले. ते वर्तमानपत्राआडून विचारत, "अगं, काजं घालतेस की जप करतेस?" काकू उत्तर देत नसत. कोरी जागा संपून जाईल म्हणून!

विहीणबाईंना म्हणायचे वाक्य लेकीने लिहून पाठवले होते. 'मुसुमे गा ओसेवा नि नारिमाशिता.' म्हणजे, माझ्या लेकीचे तुम्ही फार केलेत. काकूंनी ते कापड बेतण्याच्या टेबलावर खडूने लिहून ठेवले. मुसुमे म्हणजे लेक, हे त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झाले.

आता माझा गुन्हा कबूल करतो. माझा पट्टा म्हातारपणाने सैल झाला होता. फीत हळू फिरे आणि त्या बाईंचा आवाज पेंगुळलेल्या पुरुषासारखा जाड, लांबट निघे. काकूंना वाटले, जपानी माणसे बोलतातच अशी. "किती सबुरीची माणसं," त्या कौतुकाने म्हणत. मला सारे कळत होते. पण जो दुसऱ्याचेच शब्द बोलतो, तो स्वतःची चूक कशी सांगणार?

सात महिने असे गेले. एक दिवस काकूंनी ते वाक्य फोनवर लेकीला ऐकवले. पलीकडून हसू आले. "आई, जिना चढता चढता बोलतेयस का?"

काकूंनी त्याच दुपारी यजमानांसोबत जाऊन मला दुरुस्तीवाल्यापुढे ठेवले. त्याने माझा पट्टा बोटावर ताणून पाहिला. "काकू, याची तर जुनी नाडी झालीये," तो म्हणाला. नवा पट्टा बसला आणि माझ्या तोंडून एक चुणचुणीत तरुण बाई भराभरा बोलू लागली. काकूंना एक अक्षर कळेना. वाटेत यजमान हळूच म्हणाले की आता राहू दे, लेक सांगेल सगळे.

काकूंनी घरी येऊन पहिली कॅसेट पुन्हा घातली. "सबंध कोट उसवून परत शिवलाय मी," एवढेच त्या बोलल्या. त्या महिन्यात दाबून दाबून माझे बटण तुटले, तेव्हा हे कोटाचे आले.

विहीणबाई आल्या त्या काठी टेकत. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. काकूंनी नव्या वेगाने वाक्य सुरू केले आणि मध्येच अडखळल्या. लेक मदतीला पुढे झाली, तशी विहीणबाईंनी हात वर करून तिला थांबवले. चांगला कान काकूंकडे केला आणि त्या थांबून राहिल्या.

मी फळीवरून पाहत होतो. ती कोरी जागा माझ्या ओळखीची होती.

काकूंनी श्वास घेतला. मग माझ्या जुन्या, सैल पट्ट्याच्या चालीने, काज घालावे तसे एकेक अक्षर ओवत त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले.

विहीणबाईंचे डोळे भरून आले. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्या बरेच काही बोलल्या. त्यातला एकच शब्द काकूंना कळला. मुसुमे.

लेक अर्थ सांगू लागली. "राहू दे ग," काकू म्हणाल्या. "कळलं मला."

मित्रांनो, आता कॅसेटी मिळत नाहीत आणि मी गप्प आहे. जुन्या यंत्राचा पट्टा वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. पण कोणी नवी भाषा अडखळत बोलू लागले, तर हसू नका आणि त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. माझ्या कॅसेटीत असे, तेवढी कोरी जागा त्याच्यासाठी सोडा. आणि कान पुढे करा.