गाऱ्हाण्याची खुर्ची

मी एक जुनी, घडीची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मंत्र्याची गुबगुबीत खुर्ची आली असेल. ती मी नव्हे. मी तिच्या समोर मांडायची, गाऱ्हाणं सांगणाऱ्याची.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या विलाना गावच्या क्लॅरी सुतारांनी आम्हा दोघी बहिणींना घडवलं. त्यांची मुलगी ग्लेनिस तेव्हा पहिल्यांदाच निवडणुकीला उभी होती. "एकीत तू बस, दुसरीत गाव बसेल," ते तिला म्हणाले. माझा एक पाय जरा आखूड झाला होता. ग्लेनिसने स्वतःच्याच प्रचारपत्रकाची घडी करून त्याखाली सारली आणि ती निवडून आली.

मग दर शनिवारी सकाळी ती आम्हाला बेकरीच्या दारात मांडू लागली. माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! मेंढ्या कातरणारे, विधवा बायका, शाळेची बस बंद झाली म्हणून तणतणणाऱ्या आया. गरम खिमा-पॅटिस खाता खाता एका म्हाताऱ्याने माझ्यावर सॉस सांडला, तो डाग अजून आहे. ग्लेनिस मध्ये न बोलता ऐकायची. मला तिचा फार अभिमान वाटे.

नवव्या वर्षी ती राज्याची आरोग्यमंत्री झाली. गावाने टाळ्या पिटल्या. पुढे मात्र तिचे शनिवार ॲडलेडच्या बैठकांत जाऊ लागले आणि माझ्या बहिणीवर तिचा सचिव डेस्मंड बसू लागला. माणूस वाईट नव्हता. अक्षर तर मोत्यासारखं.

एके शनिवारी मर्ल आली. चाळीस वर्षं गावच्या इस्पितळात सुईणीचं काम केलेली, ग्लेनिसची शाळासोबतीण.

"बाळंतपणाचा विभाग बंद करताय म्हणे? दीड तासावर आहे पुढचं इस्पितळ! पोरी काय रस्त्यात बाळंत होणार? सगळ्याजणींच्या वतीने आलेय मी, नीट लिही."

डेस्मंडने नीट लिहिलं : 'प्रसूती विभाग. एक तक्रार.'

तेवढंच ग्लेनिसपर्यंत पोचलं. एकच तर तक्रार आहे, असं समजून तिने विभाग बंद करण्याच्या आदेशावर सही केली.

हिवाळ्यात जोआन पॅस्को नावाची पोर गाडीतच, गव्हाच्या शेताकडेला बाळंत झाली. बाळ रडलंच नाही.

त्या शनिवारी ग्लेनिस स्वतः आली. मर्ल समोर उभी राहिली, बसली नाही.

"आता आलीस होय?"

"मर्ल, मला कुणी सांगितलंच नाही गं."

"सांगितलं की! ह्याच खुर्चीत बसून सांगितलं. समोर तू नव्हतीस."

ग्लेनिसने मंत्रिपद सोडलं, पण विभाग काही उघडला नाही. सरकारचा निर्णय झाला होता आणि तिच्या शब्दाला आता वजन उरलं नव्हतं. तरी ती दर शनिवारी यायची. पाच आठवडे मी रिकामी होते. लोक पाव घेऊन, मान वळवून निघून जात.

सहाव्या शनिवारी जोआन आली. माझ्यावर बसली. काही बोलली नाही. ग्लेनिस तिथून हलली नाही. बेकरीवाल्याने दोघींपुढे चहा ठेवला, तो तसाच निवला. मित्रांनो, इतकं जड ओझं मी आयुष्यात पेललं नाही.

पुढच्या निवडणुकीत ग्लेनिस हरली. आता मी टेनिस क्लबच्या अडगळीत आहे. अंगावर रंगाचे डबे, बिजागऱ्या गंजलेल्या. माझ्या पायाखालची ती घडीही कधीच हरवली.

तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होईल. तेव्हा मला बाहेर काढा, बिजागऱ्यांना तेल घाला आणि खुशाल चारचौघांत मांडा. मी डुगडुगेन, पण बसणाऱ्याला पडू देणार नाही. फक्त समोरच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवू नका. तिथे तुम्ही बसा.