पहिला घोट कुणाचा

बिअर कंपनीने ज्वारीच्या मोडांची शेड घेऊन तिच्यावर लाल झेंडा लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थाबानेंग गावातली माणसं हातात भांडी घेऊन मटण मागायला तिथे हजर झाली.

त्यांची काही चूक नव्हती. आमच्या लेसोथोत घरावर पांढरं फडकं दिसलं की घरची बिअर तयार आहे, हिरवं दिसलं की पालेभाजी आहे आणि लाल दिसलं की जनावर कापलंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीच्या बड्या साहेबाला कळत नव्हतं. तो समुद्रापलीकडे कुठेतरी बसायचा आणि त्याच्या बाटलीचा रंग लाल होता, एवढंच त्याला पुरेसं होतं.

"न्ताते, कलेजी आहे का?" एका म्हाताऱ्याने कंपनीच्या माणसाला, मोखेथीला, अदबीने विचारलं.

"इथे मटण मिळत नाही हो, बाबा. मोडाचं पीठ मिळतं."

"मग लाल कशाला लावलंय? माणसाला चढण चढायला लावायची आणि वर थट्टा करायची?"

मोखेथी जवळच्या मफेटेंग शहरातलाच पोरगा. त्याला सगळं कळत होतं, पण साहेबापुढे बोलायची सोय नव्हती. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम आला होता.

रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसून मे मापुसेलेत्सो हा तमाशा पाहत होती. मे म्हणजे आई; मोठ्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. "अहो, कलेजी संपली असेल तर जीभ मागा," ती तिथूनच म्हणाली. "ती यांच्याकडे हातभर लांब आहे."

माणसं हसली. तीही हसली. पण ती शेड कालपर्यंत तिची होती.

ज्वारी भिजवायची, ओल्या पोत्यांखाली पसरून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, दळायची. नवरा खाणीतून छाती बिघडवून परत आला तेव्हापासून मापुसेलेत्सो हेच करत होती. नवरा गेला, तरी तिने शेड चालवली. खोऱ्यातली प्रत्येक बाई तिच्याकडून पीठ नेऊन बिअर बनवायची, दारावर पांढरं फडकं लावायची आणि त्यावर पोरांची शाळा, चपला, मीठ-साबण भागवायची. काकडीसारखा वास आला की मोड पुरे झाले, हे तिचं नाक झोपेतही ओळखायचं. दहाजणींनी दहा वेळा विचारलं तरी ती सगळं दाखवायची, पण कुणी शिकलं मात्र नाही. शेडमध्ये आयतं मिळत होतं, मग घरी कोण हात ओले करणार?

शेडची जागा कागदावर दिराची होती. हा सेखोबे तसा वाईट माणूस नव्हे. फक्त समोरच्याने खुर्ची दिली, गार बाटली दिली आणि "सर" म्हटलं की याची हाडं विरघळायची. कंपनीने तिन्ही गोष्टी केल्या. सही करून तो मोकळा झाला आणि मग वहिनीला सांगायला आला, तोही उंबऱ्याबाहेर उभा राहून.

"वहिनी, त्यांनी मफेटेंगमधली दोन्ही पिठाची दुकानं घेतलीत. आपण एकटे किती दिवस टिकणार?"

"आपण? भावोजी, तुम्ही आजवर एक पोतं तरी ओलं केलंत का?"

सेखोबे टोपी हातात फिरवत निघून गेला.

बाटलीतली बिअर विकणाऱ्यांना पिठाची दुकानं कशाला हवीत, हे मापुसेलेत्सोला सुरुवातीला उमगेना. तिची शेजारीण मालिनेओ जिभेने तिखट आणि डोक्याने त्याहून. तिने उलगडून सांगितलं.

"अगं, आपली बिअर पिणारा माणूस त्यांची बाटली घेत नाही. आपल्याला थांबवता तर येत नाही. मग पीठच हातात घ्यायचं. आज देतील, उद्या महाग करतील, परवा म्हणतील पीठ संपलं, हा खोका घे. खोक्यात तयार बिअर भरून आणलीच आहे त्यांनी."

झालंही तसंच. आधी पीठ महाग झालं. मग त्यात कोंडा यायला लागला. मग पीठ हवं तर दारावर कंपनीची पाटी लावा, असं निघालं. पाटी लावायची तर पांढरं फडकं काढा, असं त्याच्या मागून आलं. मालिनेओने पाटी घेतली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली.

एके दिवशी मोखेथी मापुसेलेत्सोच्या घरी आला. रीतीने बसला, रीतीने तब्येत विचारली.

"मे, साहेब म्हणतात तुम्ही आमच्याकडे या. शेडमध्येच बसा. काम काही नाही. फक्त तुमचा फोटो खोक्यावर छापायचा. खाली लिहायचं, 'आईच्या हातची'."

"बिअर कोण बनवणार?"

"ती कारखान्यात बनते, मे."

"मग माझा हात कुठे लागणार?"

मोखेथी ओशाळून हसला. "फोटोत हात दिसेल ना."

"बाळा, तू चांगल्या घरचा आहेस, म्हणून चहा देते," ती म्हणाली. "चहा पी आणि जा. माझं तोंड मी कुणाला भाड्याने देत नाही."

जाता जाता त्याने खरी बातमी टाकली. महिन्याअखेरीस मोरेनाच्या वडिलांच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. आमचा मोरेना म्हणजे गावाचा प्रमुख. त्याच्या अंगणात सगळं खोरं जेवणार, पिणार. त्या दिवशीची बिअर कंपनी फुकट देणार होती. मोरेनाने होकार दिला होता. काय करणार? बायकांकडे पीठ नाही, हे त्यालाही दिसत होतं.

मोखेथी गेल्यावर मापुसेलेत्सो चुलीपाशी जाऊन बसली. थडग्याच्या जेवणात एकदा खोका शिरला की तो लग्नात येणार, बारशात येणार, आणि मग पांढरी फडकी पुसायला तेवढी उरणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो रात्री जेवल्यावरही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने घरातली सगळी ज्वारी भिजत घातली.

पण हाताला सवय शेडची. तिथली फरशी गार आणि ऐसपैस. इथे गोल घर, मध्ये पलंग, कडेला चूल, आणि बाहेर दिवसाही बर्फाचा वारा. थंडीने मोड येणार नाहीत म्हणून तिने सगळा दाणा एका ढिगात लोटला आणि वर असेल नसेल ते पांघरूण घातलं. तिसऱ्या दिवशी हात घातला तर ढीग आतून तापलेला, बुळबुळीत, आंबूस घाणेरड्या वासाचा. आयुष्यभर मोड आणणाऱ्या बाईने पहिल्यांदाच ज्वारी कुजवली होती. तिने ती डुकरांना घातली आणि तिला डुकरांकडेही बघवेना.

मालिनेओ दारात उभी होती. "झालं? आता जाऊन फोटो काढून घेतेस का?"

"गप बस. आत ये आणि हा पलंग बघ."

"पलंगाला काय बघायचं?"

पलंगाचे पाय विटांवर चढवलेले होते. आमच्याकडे सगळ्यांचेच असतात. थोकोलोसी नावाचं एक बुटकं भूत रात्री येऊन झोपलेल्याच्या छातीवर बसतं म्हणतात. पलंग उंच असला की त्याचा हात पोचत नाही. भुतावर विश्वास नाही म्हणणारेसुद्धा विटा काढत नाहीत.

"खाली केवढी जागा आहे बघ," मापुसेलेत्सो म्हणाली. "सावली आहे, वारा लागत नाही. ढीग नाही करायचा, बोटभर थर करायचा. माझ्या एकटीच्या पलंगाखाली काही होणार नाही. पण पलंग काय माझ्या एकटीचा आहे?"

मालिनेओने वाकून पलंगाखाली पाहिलं. मग तिने पदरासारखं ब्लँकेट खांद्यावर ओढलं आणि म्हणाली, "माझ्या पलंगाखाली नवऱ्याचे बूट आहेत. आजच बाहेर फेकते."

त्यानंतर मापुसेलेत्सो घरोघर फिरली. प्रत्येक घरात वाकून पलंगाखाली शिरायची, थर पसरून द्यायची, पोतं ओलं करून घालायची. थंडी फार पडली तेव्हा बायकांनी आपापली ब्लँकेटं काढून पोत्यांवर घातली. मापुसेलेत्सोने पेटीतून नवऱ्याचं ब्लँकेट काढलं, जे तो गेल्यापासून कुणाच्या अंगावर गेलं नव्हतं. एकदा नाकाशी धरलं आणि दाण्यावर पसरलं. त्याच्या खोकल्याचे दिवस आठवून डोळे भरले, पण हात थांबला नाही.

ज्यांना आयतं घ्यायची सवय होती त्या आता नाक खुपसून वास घ्यायला शिकल्या. "आली गं, काकडी आली," असं एकीने कुंपणावरून ओरडून सांगितलं, की पलीकडची धावत घरात जायची. दळण जात्यावर झालं. विरजण मालिनेओच्या मडक्यातलं. तिने वाटी वाटी सगळ्यांना दिलं आणि नेहमीप्रमाणे दम भरला, की पुढच्या वेळी जी मागेल तिला नाही म्हणायचं नाही. रस्त्यापलीकडे मोखेथी पिठाची पोती मांडून बसला होता. गिऱ्हाईक येत नाही, म्हणजे बायका थकल्या, असं त्याने साहेबाला फोनवर सांगितलं.

दगड बसवायच्या दिवशी कंपनीचा लाल ट्रक मोरेनाच्या अंगणात आला. प्रार्थना झाली, दगडावरचं कापड निघालं, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बैल कापला होता, मोठ्या हंड्यांत पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, शिजली होती. मग खोके उतरले. प्रत्येक खोक्यावर एका बाईचं हसरं चित्र, डोक्याला रुमाल, हातात भोपळ्याचा डाव. खाली अक्षरं, 'आईच्या हातची'.

मोखेथीने एक खोका फोडला, पत्र्याच्या मगात ओतला आणि दोन्ही हातांनी तो मग मोरेनासमोर धरला. मोरेनाने हात पुढे केला.

"मोरेना, थोडं थांबा," मापुसेलेत्सो बायकांच्या रांगेतून उठून उभी राहिली. "हिने अजून घोट घेतलेला नाही."

"कुणी?"

"या बाईने." तिने खोक्यावर बोट ठेवलं. "हिने बनवली ना? मग आधी तिने प्यायला हवं. ती कुठे आहे? तिला बोलवा."

मोरेनाने हात मागे घेतला. आमच्याकडे बिअर बनवणारी सगळ्यांदेखत पहिला घोट घेते, त्यानंतरच भरलेला मग पाहुण्याकडे जातो. हे पाळायला कुणी कुणाला सांगत नाही.

मोखेथी घाईने म्हणाला, "मी घेतो ना, मे. पहिला घोट मी घेतो."

"तू बनवलीस?"

"नाही, पण..."

"मग तुझ्या पिण्याने काय होणार? बाळा, तो घोट चवीसाठी नसतो. यात काही वाईट असेल तर आधी मी मरेन, असं ती बाई सांगत असते. तुमच्याकडे असं म्हणणारं कुणी आहे का?"

मोखेथीने खोक्यावरच्या बाईकडे पाहिलं. ती कोण होती हे त्यालाही माहीत नव्हतं. मोरेनाच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने, त्याच कलेजीवाल्याने, घसा खाकरला. "आधी मटण नाही, आता आई नाही," तो म्हणाला. "या लोकांकडे आहे तरी काय?"

अंगणात हशा पिकला. मोरेना हसला नाही. त्याने तो मग हातात घेतला, वाकून जमिनीवर ठेवला आणि विचारलं, "मे मापुसेलेत्सो, मग माझ्या बापाच्या दगडापाशी आज लोकांनी पाणी प्यायचं का?"

"उताराकडे बघा, मोरेना."

मालिनेओच्या घरावर काठी उभी राहिली होती, तिच्यावर पांढरं फडकं. मग तिच्या खालच्या घरावर. मग ओढ्यापलीकडे. घरी थांबलेल्या सुना-लेकी एकेक काठी उभी करत होत्या, आणि बघता बघता सगळा उतार पांढरा झाला. बायका बादल्या घेऊन चढण चढून आल्या. प्रत्येकीने आपली बादली ठेवली, आपल्या हाताने मग भरला, सगळ्यांदेखत घोट घेतला आणि तो मग पुढे केला. मोरेनाच्या वडिलांच्या नावाने मापुसेलेत्सोने थोडी जमिनीवर ओतली.

सेखोबे रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तिने मग भरला, त्याच्या डोळ्यांत बघत मोठा घोट घेतला आणि मग त्याच्या हातात दिला.

"वहिनी, मी ती शेड..."

"प्या, भावोजी. लोक थांबलेत."

ट्रकमध्ये खोके परत चढत होते. मोखेथी तिच्याजवळ आला. त्याच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं.

"मे, शेड आमच्याकडे. दुकानं आमच्याकडे. एवढे मोड तुम्ही आणले कुठे?"

मापुसेलेत्सोने खांद्यावरचं नवऱ्याचं ब्लँकेट सारखं केलं. त्याला अजून काकडीचा वास येत होता.

"साहेबाला सांग, विकत घ्यायचं असेल तर आता खोऱ्यातल्या प्रत्येक बाईच्या पलंगाखाली शिरावं लागेल," ती म्हणाली. "आणि येताना भुताला विचारून ये म्हणावं."

तिने पुन्हा मग भरला, आधी आपण घोट घेतला आणि त्याच्यापुढे धरला. मोखेथीने एकदा ट्रककडे पाहिलं, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी मग घेतला.