बारीक तारेचा नेम

मी एक बास गिटार. चार तारांची, घोगऱ्या आवाजाची. निपाणीत श्रेयांसच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बेचक्यात माझी जागा आहे. माझी कहाणी सांगायची तर ती एका नेमापासूनच सांगायला हवी. नेम श्रेयांसच्या आईचा, म्हणजे चंदनाकाकूंचा. मी त्यांना आईच म्हणते.

श्रेयांसनं मला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आईंनी माझ्या मानेला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि तिथंच उभ्याउभ्या गूळ सोडला.

"तू हिच्यावर एक गाणं पुरं बसवून चार लोकांत वाजवेपर्यंत माझ्या तोंडाला गूळ लागायचा न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई, एवढ्यासाठी नवस कसला बोलतीस?"

"नवस न्हवं रं. नवसात देवाकडं मागायचं असतंय. आपण काय मागायचं न्हाय. आपण नुसतं सोडायचं."

गुळाशिवाय चहा ही आईंसाठी काय शिक्षा होती, ते मला पुढं कळलं. या भागात गुऱ्हाळं सुरू झाली की वाऱ्याबरोबर वास घरात येतो. आई खिडकी लावून घ्यायच्या, फिक्का चहा प्यायच्या आणि माझ्याकडं बघून हसायच्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हसण्यानं माझ्या तारा ढिल्या पडायच्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. खोक्यातला अंधार संपला तेव्हा मी बेळगावच्या एका दुकानात, काचेमागं टांगलेली होते. लोक यायचे, बघायचे आणि विचारायचे, "हिच्या दोन तारा तुटल्या काय?" दुकानदार सांगून सांगून दमला, की बास गिटारला तारा चारच असतात. मग कुणीतरी एक तार छेडायचं, 'घुम्म' असा आवाज यायचा, आणि तो माणूस शेजारच्या सहा तारांच्या बहिणीकडं वळायचा.

शेवटी बेळगावातल्याच शहापूर भागातल्या एका मुलानं मला नेलं. त्याच्या घरी साड्यांचे माग होते. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. मला तो आवाज फार आवडला. माग गात नाही. पण तो थांबला की साडीही थांबते. मला वाटलं, हा आपल्याच जातीचा. पण त्या मुलाला बंगळूरात नोकरी लागली, आणि मी गाद्यांच्या ढिगामागं गेले. तिथून श्रेयांसनं मला सोडवलं. बसमध्ये गर्दी होती, तरी निपाणीपर्यंत त्यानं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. असा धनी मिळाल्यावर मला आणखी काय हवं होतं? हवं होतं फक्त एक गाणं.

गाणं होतं विक्रमचं. तो गायचा आणि गिटार वाजवायचा, सौरव ड्रम बडवायचा, नीलम कीबोर्डवर असायची. तालमीची जागा म्हणजे एक रिकामी पडलेली तंबाखूची वखार. तंबाखू जाऊन वर्षं झाली, पण खकाणा, म्हणजे तिची तिखट धूळ, काही गेला नाही. विक्रमला वरचा सूर लागायच्या आधी शिंक यायची.

गाणं निपाणीजवळच्या तवंदीच्या घाटावर होतं. भरलेला ट्रक, चढ, मागं सुटलेलं गाव. अंतरा हळू चालायचा आणि धृपदात विक्रमचा आवाज एकदम उंच उडायचा. सगळ्यांनी आपापला भाग बसवला. राहिली फक्त बासची ओळ. माझी ओळ.

ती काही केल्या बसेना.

पहिल्यांदा श्रेयांसनं साधं वाजवलं. विक्रम म्हणाला, "लई फिक्कं वाटतंय." मग त्यानं दोन सुरांच्या मधे आणखी दोन घातले. मग आणखी. रोज दुपारी कॉलेजातून आला की हेडफोन लावून मोठमोठ्या वादकांचं ऐकायचा आणि त्यातलं काहीतरी उचलून माझ्यावर आणून डकवायचा. धृपद आलं की त्याची बोटं माझ्या सगळ्यात बारीक तारेवर धावायची. चारही तारांत तीच तेवढी गोड बोलते. खरं सांगते, मलाही त्या तारेचा गर्व होता. वाटायचं, लोक आता तरी वळून बघतील.

पण विक्रमचा आवाज वर जायचा त्याच वेळी मीही वर जायचे, आणि दोघांची टक्कर व्हायची. खाली सौरवचा ढोल एकटाच पडायचा.

"अरे, तू साथ करायलास का भांडण?" सौरव ओरडायचा.

"मग काय वाजवू ते सांग की!"

"मला काय ठाऊक? मी ढोलवाला!"

श्रेयांस ओळ बदलायचा. ती अंतऱ्यात बसायची आणि धृपदात उसवायची. धृपद शिवलं की अंतरा फाटायचा. त्यात दिवस मावळायच्या आत त्याला जेवायला घरी जावं लागायचं, कारण आमचं घर जैन, दिवेलागणीनंतर ताट वाढत नाहीत. नेमकी कुठं जरा वाट सापडतेय असं वाटावं, आणि आईंचा फोन यावा. "ऊन खाली आलंय बघ." मग मी पिशवीत, पिशवी त्याच्या पाठीवर. सायकल दामटताना तो स्वतःशी काय काय पुटपुटायचा, ते मी इथं सांगणार नाही.

घरी आण्णासाहेब, म्हणजे त्याचे वडील, वर्तमानपत्रामागून विचारायचे, "म्हशीचं हंबरणं झालं का बसवून?" त्यांना चेष्टा करायची असायची, दुखवायचं नसायचं. पण श्रेयांस मला भिंतीला टेकवायचा, तो जरा जोरातच. त्याचा वैताग मला कळत होता. माझ्या वैतागाचं मात्र कुणाला काय? चूक त्याच्या बोटांत आहे की माझ्या पोटात, हेच मला कळेनासं झालं होतं.

मग एका तालमीत विक्रमनं ऐकवलंच. आवाज चढवून बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. "श्रेयांस, बेळगावला कॉलेजात कार्यक्रम ठरलाय. पुढच्या तालमीला ओळ बसली न्हाय तर बास नीलमच्या कीबोर्डवर घेऊया. तू ये की बघायला."

बघायला! ज्यानं मांडीवरून मला आणलं, त्यानं आता खुर्चीवर बसून दुसऱ्यांचं बघायचं. आणि आईंचा गूळ? नेम सोडायच्या त्या नव्हेत. पोरानं वाजवणं टाकलं असतं, तरी त्या जन्मभर फिक्काच चहा प्यायल्या असत्या.

त्या संध्याकाळी श्रेयांस घरी आला तेव्हा आई देवासमोर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून चातुर्मास लागत होता. दरवर्षी या वेळी घरातला प्रत्येकजण एकेक गोष्ट सोडतो. आईंचं रविवारचं मीठ आधीच बंद असतं. यंदा त्यांनी दहीही सोडलं. आण्णासाहेबांनी कुरकुरत सुपारी सोडली.

"आणि तू रं? तू काय सोडणार?"

मला पाठीवरून उतरवायचंही त्याला सुचलं नव्हतं. तो चिडून म्हणाला, "सगळंच सुटायलंय माझं. ही बारीक तार सोडतो बघ चातुर्मासभर. झालं समाधान?"

आईंनी मान हलवली आणि मूठ पुढं केली. लहानपणापासूनची सवय, श्रेयांसचा तळहात आपोआप पुढं आला. त्यावर नेमाचे तांदूळ पडले.

"म्हण णमोकार मंत्र."

"आई, मी रागानं बोललो! तसं न्हाय..."

"हातात तांदूळ घेऊन राग काढतात व्हय?"

"अगं, त्या तारेशिवाय माझं धृपदच होत न्हाय!"

"सोपं असतं ते सोडून काय उपयोग?" आई म्हणाल्या. "आण्णांना विचार. कारलं सोडतो म्हणालेते."

आण्णासाहेब वर्तमानपत्रामागं गेले. श्रेयांसनं तांदूळ देवापुढं वाहिले आणि माझी बारीक तार बंद झाली. मी काय सांगू? एक तर मला कुणी ऐकत नाही, आणि जी ऐकू यायची तीच गेली. त्या रात्री मी आईंवर रुसले होते.

पुढची तालीम. श्रेयांसनं नेमाचं सांगितल्यावर विक्रमनं कपाळाला हात लावला. "कांदा सोडतात, वांगी सोडतात. तार सोडलेली आजच ऐकली बाबा!" नीलमनं कीबोर्ड पुढं ओढला. सौरवनं काठ्या उचलल्या, "एकदा होऊ दे," म्हणाला, आणि गाणं सुरू झालं.

अंतरा गेला. धृपद आलं. विक्रमचा आवाज वर उडाला आणि सवयीनं श्रेयांसचं बोट बारीक तारेकडं धावलं. धावलं आणि हवेतच अडलं. दुसरं काही वाजवायला वेळ नव्हता. मी गप्प राहिले.

त्या गप्प जागेत सौरवचा ढोल पडला. धम्म. एकटाच, स्वच्छ, ट्रकचं चाक खड्ड्यात बसावं तसा. श्रेयांस घाबरून लगेच खर्जाच्या जाड तारेवर आला आणि मी त्या ढोलाच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. वर विक्रम गात होता, आणि त्याच्या आवाजाला पहिल्यांदाच आभाळ मोकळं मिळालं होतं.

सौरवनं वाजवणं थांबवलं. "आत्ता काय केलास?"

"चुकलो. हात अडला."

"परत चुक!"

परत केलं. परत तीच जागा, परत तेच धम्म. शहापूरच्या मागाची मला आठवण झाली. त्याचा एक ठोका पडतो, मग क्षणभर काही नसतं, आणि त्या काही-नसण्यातूनच दोऱ्याचा धोटा पलीकडं जातो. मी इतके दिवस ती मोकळी जागाच बुजवत बसले होते. नंतर श्रेयांसनं अंतऱ्यातलेही सूर गाळले. आई फडक्यातून पाणी गाळतात तसे, एकेक करून. उरली ती ओळ इतकी साधी होती की मला जरा लाजच वाटली. नीलमनं कीबोर्ड मागं सरकवला, तेव्हा मला कळलं, बास आमच्याकडंच राहिला.

कार्यक्रम पर्युषण संपल्यावर, बेळगावात एका कॉलेजच्या मैदानावर झाला. आई उन्हं असतानाच जेवून आल्या होत्या आणि मागच्या ओळीत पदर घट्ट धरून बसल्या होत्या. धृपद आलं, श्रेयांसचं बोट पुन्हा त्या तारेकडं कललं, मला जाणवलं. समोर एवढी माणसं. एकच उडी, आणि सगळ्यांच्या नजरा आमच्याकडं. बोट परतलं. धम्म पडलं. मैदानानं टाळ्या दिल्या त्या विक्रमला. बास चांगला वाजला असं कुणी म्हणालं नाही. कुणी कधी म्हणतही नाही.

श्रेयांस धावत आईंकडं गेला. "ऐकू आलं का माझं?"

"तुझं वेगळं काय ऐकू आलं न्हाय बाबा," आई म्हणाल्या. "पण पायाखाली काहीतरी चालत होतं. मधीच थांबलं की माझा जीव थांबायचा, आणि परत चाललं की बरं वाटायचं."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. गुळाचा खडा. "घे. झाला तुझा नेम."

आईंनी वर बघितलं. "दिवस कवाच बुडालाय की रं."

"काकू, आज तरी!" सौरव कळवळून म्हणाला.

"एवढं थांबल्यावर एका रातीचं काय मोठं?"

सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आल्यावर त्यांनी खडा तोंडात ठेवला. डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग एक कण माझ्या अंगावरही ठेवला. त्याला तासाभरात मुंग्या लागल्या, आणि श्रेयांस मला पुसत, आम्हा मायलेकींच्या प्रेमावर काहीबाही बोलत बसला.

आता दिवाळी जवळ आली आहे. चातुर्मास संपला की माझी बारीक तार मोकळी होईल. ती पावसाळ्यात जरा काळवंडली आहे. श्रेयांस वाजवत नसला तरी रोज फडकं फिरवतो. मोकळी झाल्यावर त्यानं पुन्हा तिच्यावर धावू नये, एवढंच मला वाटतं. एखादाच सूर द्यावा, खरी गरज असेल तिथं.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी बसवायला धडपडत असेल आणि ते बसत नसेल. तुम्हाला त्यातलं काही कळत नसेल, आईंनाही कळत नव्हतं. त्याच्यासाठी देवाकडं काही मागू नका. आपल्या आवडीचं एक काहीतरी सोडा, आणि वाट बघा. जमलं तर त्यालाही त्याचं एक आवडतं सोडायला सांगा. चिडेल. चिडू दे. तुम्ही फक्त तांदळाची मूठ पुढं करा.