पट्टा फाटकाला, कुत्रा मोकळा

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. तिजोरीची नाही आणि राजवाड्याच्या दाराचीही नाही. एका साध्या गल्लीतल्या साध्या घराच्या लाकडी फाटकाची. कडीकडे कोणी मुद्दाम बघत नाही, आणि ज्या दिवशी बघतात त्या दिवशी काहीतरी बिघडलेले असते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका मोकळ्या कुत्र्यावरून मोठा तंटा झाला. सगळ्यांनी कुत्र्याला दोष दिला. कुत्र्याचा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही. पण खरे काय घडले ते मी अगदी जवळून पाहिले आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म समोरच्याच घरी झाला. तिथे फिटरकाका राहतात. ते कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या हाताला चैन पडत नसे. आमच्या घराला फाटक बसले तेव्हा त्यांनी परसातल्या शेडमध्ये एक लोखंडी सळई पकडीत धरली, तापवली, ठोकली आणि दिवसभर कानशीने घासली. माझे नाक त्यांनी मुद्दाम गोल केले, कोणाचे बोट चिमटू नये म्हणून. माझ्याबरोबर त्यांनी माझा जोडीदार कोयंडाही घडवला. तो समोरच्या खांबावर बसला, मी फाटकावर. फाटक ढकलले की मी कोयंड्यावर चढायचे आणि आपोआप त्याच्या खाचेत पडायचे. टक. दूधवाल्याचे दोन्ही हात भरलेले असत, तो मला कोपराने उघडायचा आणि जाताना पायाने फाटक ढकलायचा. मी एकदाही चुकले नाही. "कडी असावी तर अशी," असे तो म्हणाला होता. हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे. कड्यांना कौतुक फार वेळा मिळत नाही.

आमच्या घरात शिकवणीच्या बाई राहतात. त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे भाऊ. शिकवणीची मुले त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळ्या गल्लीचेच ते मामा झाले. मामा छापखान्यात पुस्तकांतल्या चुका शोधण्याचे काम करतात. दुसऱ्याच्या कागदावरची चूक त्यांना शंभर पावलांवरून दिसते. घरची चूक दिसायला किती वेळ लागतो, ते पुढे कळेलच.

एके दिवशी बाईंनी खोक्यात घालून एक पिल्लू आणले. पिवळसर, गोल, पोट जमिनीला टेकलेले. मुलांनी त्याचे नाव भोपळ्या ठेवले. भोपळ्यासाठी एक हिरवा, लांब, जाड पट्टा आला, टोकाला पितळी चाप असलेला. संध्याकाळी बाई चाप भोपळ्याच्या गळपट्ट्याला अडकवत, मला एका बोटाने उचलत आणि दोघे फिरायला जात. परत आले की पट्टा दाराआडच्या खिळ्यावर आणि मी माझ्या खाचेत. पट्टा आपले काम करी, मी माझे. आमचे एकमेकांशी वाकडे नव्हते.

मग मुलांना फाटकावर झोके घ्यायची सवय लागली. मुलांनो, राग मानू नका, पण फाटक हा पाळणा नव्हे. वरच्या बिजागरीचे स्क्रू हळूहळू ढिले झाले, लाकडातली भोके मोठी झाली आणि फाटक एका बोटाने खाली बसले. एकच बोट. पण तेवढ्याने मी कोयंड्याच्या खालीच राहिले. तो समोर दिसायचा, हाताच्या अंतरावर, आणि भेट मात्र नाही. मला फार वाईट वाटायचे.

घरच्यांनी यावर युक्ती काढली: फाटक आधी उचलायचे, मग ढकलायचे. बाईंना ती माहीत, मामांना माहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कोण सांगणार? कुरियरवाला फाटक नुसते लोटून जाई, आणि भोपळ्या त्याच्या मागोमाग गल्लीत. दोन वेळा असे झाल्यावर बाई म्हणाल्या, "अरे, त्या बिजागरीचं काहीतरी कर."

"करतो की. उद्या बघतो," मामा म्हणाले. आणि आज-उद्यापुरते म्हणून त्यांनी खिळ्यावरचा हिरवा पट्टा काढला आणि त्याने फाटक खांबाला बांधून टाकले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हे.

मामांचा तो उद्या सात महिने आला नाही.

आता पुढची गंमत ऐका. गंमत म्हणते, पण ती गंमत नव्हती. भोपळ्या आता चांगला मोठा झाला होता. त्याला फिरायला न्यायचे तर पट्टा हवा, आणि पट्टा तर फाटकाला. गाठ सोडायची, भोपळ्याला बांधायचे, परत आल्यावर पुन्हा गाठ मारायची. मामांना कंटाळा येई. "कोपऱ्यापर्यंतच तर जायचं आहे," म्हणत ते गाठ न सोडता, पट्टा ताणून फाटक जेमतेम फटीएवढे उघडत आणि भोपळ्याला तसाच मोकळा घेऊन निघत. घेऊन कसले, तो पुढे धावे आणि मामा मागून ओरडत, "घाबरू नका हो, तो काही करत नाही." कोपऱ्यावरच्या घरात दोन लहान कुत्रे होते. त्यांच्या मालकिणीने हे पाहिले आणि तीही त्यांना मोकळे सोडू लागली. एकाचे पाहून दुसऱ्याचे. गल्लीत संध्याकाळी तीन मोकळे कुत्रे आणि "काही करत नाही" म्हणणारी दोन माणसे असत.

भोपळ्या खरोखर कोणाला चावला नाही. त्याला माणसे आवडतात, हाच त्याचा गुन्हा. आवडते माणूस दिसले की तो धावत जाऊन दोन्ही पाय त्याच्या छातीवर ठेवतो.

त्या दिवसांत फिटरकाकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की रोज कोपऱ्यापर्यंत चार फेऱ्या मारा, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग काठी काही सुटायची नाही. काका नेमाने फेऱ्या मारत. आमच्या फाटकासमोरून जाताना माझ्याकडे एक नजर टाकत. मी लोंबकळत असे, लाज वाटे. पण त्यांना पट्ट्याची गाठच दिसे आणि वाटे, नवीन पद्धत असेल.

एका संध्याकाळी भोपळ्याने त्यांना पाहिले. तो आनंदाने धावत आला. काकांनी काठी पुढे केली, तो काठीला खेळ समजला आणि त्यांच्या अंगावर उडाला. काका रस्त्याकडेच्या कुंड्यांवर पडले. हाड मोडले नाही, पण गुडघा भोपळ्याच्या डोक्याएवढा सुजला. मामा धावत आले आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "तो काही करत नाही."

काका जमिनीवरूनच म्हणाले, "हे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. माझ्या गुडघ्याला कुठे माहीत आहे?"

सूज उतरली, पण काका बाहेर पडेनात. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहत. लांबून भुंकणे ऐकू आले तरी त्यांचा हात खुर्चीची कड घट्ट धरी. ज्या हातांनी मला घडवले, ते हात असे खुर्चीला धरून बसलेले मी रोज पाहत होते. ज्याचे जळते त्याला कळते. मी तर लोखंडाची, तरी माझे जळत होते. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले की अजून पंधरा दिवस असेच बसलात, तर पुढे माझ्या हातात काही नाही.

काकांची सूनबाई शांत स्वभावाची, पण त्या दिवशी तिचा संयम संपला. तिने अर्ज लिहिला: मोकळे कुत्रे पकडून नेणारी पालिकेची गाडी गल्लीत पाठवावी. पाच घरांनी सह्या केल्या. अर्ज देण्याआधी बाईंना तोंडावर सांगावे, मागून कारभार नको, म्हणून ती रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी आली. तिने आत यायला गाठ सोडायला घेतली. गाठ सात महिन्यांची, सुटता सुटेना. बाई आणि मामा अंगणात आले.

मामांनी फाटकावरून अर्ज घेतला, वाचला, खिशातून पेन काढले आणि दोन ठिकाणी काना दिला. बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की पेन परत खिशात गेले.

"बाई, मला कुत्र्याशी वैर नाही," सूनबाई गाठीशी झटत म्हणाली. "पण बाबांचं चालणं थांबलंय. तुम्ही त्याला बांधून का नेत नाही? घरात एक पट्टा नाही का तुमच्या?"

"आहे ना. चांगला हिरवा पट्टा आहे," बाई म्हणाल्या.

"मग आहे कुठे?"

बाईंनी सूनबाईच्या हातांकडे पाहिले. मामांनी पाहिले. मग सूनबाईनेही खाली पाहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पट्टा तिच्याच दोन्ही हातांत होता, पितळी चाप अंगठ्याला टोचत होता. आधी सूनबाईला हसू आले. ते तिने दाबले, पण बाईंचे डोळे भरून आले तेव्हा तिचेही हसू गेले.

"चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "फाटकाची कडी लागत नाही, म्हणून पट्टा इथे अडकला."

हे शब्द गल्ली ओलांडून व्हरांड्यात पोहोचले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काय लागत नाही?" फिटरकाका म्हणाले. "माझी कडी? माझी कडी बिघडत नाही. फाटक खाली बसलं असेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आले असते तर मी रडले असते. सात महिन्यांत माझी बाजू घेणारे ते पहिले वाक्य होते.

मामा भोपळ्याला आतल्या खोलीत कोंडून आले. काका काठी घेऊन पायऱ्या उतरले. सूनबाई हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या शेजारून चालू लागली. त्यांच्या पायरीपासून माझ्यापर्यंत बावीस पावले आहेत. अकराव्या पावलाला भोपळ्या आतून भुंकला आणि काका गल्लीच्या मधोमध थांबले. त्यांचा चेहरा उतरला. सूनबाई म्हणाली, "बाबा, परत जायचं का?" त्यांनी काठी पुढे टेकवली, म्हणाले, "कडी माझी आहे," आणि बारावे पाऊल टाकले.

गुडघा वाकत नव्हता, म्हणून बाईंनी शिकवणीचे स्टूल आणून दिले. काका स्टुलावर बसून सांगत होते आणि मामा करत होते. स्क्रू काढा. मोठ्या झालेल्या भोकात लाकडाच्या बारीक काड्या सरस लावून ठोका. फाटकाखाली वीट सरकवा, आता लांब स्क्रू आवळा. अर्ध्या तासात मामांच्या कपाळावर घाम आला आणि सात महिन्यांचे काम संपले. बाईंनी फाटकाला हात लावताच काका म्हणाले, "उद्यापर्यंत थांबा. सरस वाळू दे." पट्ट्याने त्या दिवशी फाटकावरची शेवटची पाळी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच आले. न थांबता, बावीसच्या बावीस पावले. मामांनी गाठ कात्रीने न कापता धीराने सोडवली. काकांनी फाटक एका बोटाने ढकलले. मी वर चढले, कोयंड्याला भेटले आणि खाचेत पडले. टक. त्यांनी माझ्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला आणि गोल नाकावरून अंगठा फिरवला.

अर्ज सूनबाईच्या पिशवीतच राहिला. फाडला नाही तिने. "संध्याकाळी बघते," एवढेच म्हणाली. संध्याकाळी तिने पाहिले: भोपळ्या हिरव्या पट्ट्यात, मामा पट्टा मनगटाला गुंडाळून, काका दिसताच रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन थांबलेले. आठवडाभर ती पाहत राहिली. कोपऱ्यावरच्या मालकिणीकडे बाई स्वतः गेल्या आणि म्हणाल्या, "आमचं पाहून तुम्ही सोडलेत, आता आमचं पाहून बांधा." दुसऱ्या दिवसापासून ते दोन लहान कुत्रेही पट्ट्यात दिसू लागले. तेव्हा कुठे अर्ज रद्दीत गेला.

काकांच्या आता पाच फेऱ्या होतात. चार डॉक्टरांच्या आणि एक माझी, मी नीट लागते का ते पाहण्याची. काठी महिन्याभरापूर्वी सुटली. परवा वाटेत भोपळ्या भेटला तेव्हा मामा पुन्हा म्हणाले, "तो काही करत नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदाच भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पट्टा सोडू नका मात्र."

मित्रांनो, तुमचा कुत्रा कितीही प्रेमळ असो, समोरून येणाऱ्याच्या गुडघ्याला ते माहीत नसते. त्याला बाहेर नेताना पट्टा हातात असू द्या. आणि तुमच्या घरी एखादी वस्तू दुसरीचे काम करत अडकून पडली असेल, तर तिला आजच सोडवा, उद्याची वाट पाहू नका. कधी आमच्या गल्लीत आलात, तर बाईंच्या घरी जरूर या. फक्त जाताना फाटक ढकला आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक बोट पुरते.