गुडघ्याचा पट्टा

मालिकेतल्या आबांना मारायचं, असं चॅनेलनं ठरवलं तेव्हा कुंदनला एकाच वेळी तीन माणसांचा घाम फुटला. आबांचं काम तोच करत होता, दिग्दर्शकही तोच आणि निर्माताही तोच. निर्मात्याला कळत होतं की रेटिंग गडगडलंय. आबा गेले नाहीत तर मालिकाच जाईल आणि नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे भाड्याच्या बंगल्यात राबणारी पन्नास-साठ माणसं घरी बसतील. दिग्दर्शकाला मरणाचा सीन मनापासून आवडला होता. नटाला मात्र काही केल्या मरवत नव्हतं.

याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आबा मेले की कुंदनचं वडिलांशी बोलणं बंद होणार होतं.

तसं वडिलांनी, म्हणजे बहिरूनानांनी, त्याच्याशी बोलणं टाकून नऊ वर्षं झाली होती. दीपमालाचं, त्याच्या एकुलत्या एक बहिणीचं, लग्न होतं आणि हा मुंबईत शूटिंगला. एपिसोड त्याच संध्याकाळी दाखवायचा, म्हणून त्याला सोडलं नाही. मांडवात नवरदेवाचा कान पिळायची वेळ आली तेव्हा सख्ख्या भावाच्या नावानं हाकांवर हाका. शेवटी चुलतभावाला पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी कुंदन गावी, सायखेड्याला पोचला, तर नानांनी ओट्यावरूनच सांगितलं, "आता तू टीव्हीतच ऱ्हा." त्यानंतर एक शब्द नाही. बरं, हा गडी तरी कमी हट्टी कुठं? त्यानंही घराचा उंबरा ओलांडला नाही.

मग स्वतःची मालिका आली, नाशकातच शूटिंग सुरू झालं, आणि कुंदन खरंच टीव्हीतून बोलायला लागला. आई, नवसाबाई, फोनवर घरचं सगळं सांगायची. मालिकेची लेखिका हर्षाली मुंबईहून संवाद लिहून पाठवायची, ते सकाळी हातात पडायचे आणि सेटवर बदलायचेच. आबा पडले शेतकरी, त्यांच्या तोंडी काहीही खपायचं. विहिरीवरची मोटर जळाली असं आईनं सांगितलं, की आबा गड्याला म्हणणार, "नवी तार घालून मोटर भरून घ्या, अंगावर काढू नका." नानांचा गुडघा धरला, की आबा शेजाऱ्याला दटावणार, "गुडघ्याला पट्टा लावत जा. लाज कसली त्यात?"

"आबांना मधेच गुडघा कुठून आठवला?" हर्षाली वैतागून विचारायची.

"शेतकऱ्याला गुडघे असतात," एवढंच तो म्हणायचा.

चार दिवसांनी ते टीव्हीवर दिसलं, की हा आईला फोन लावायचा. "नाना बघत होते?"

"बसत्यात समोर. पर डोळे मिटलेले ऱ्हात्यात. झोपत्यात का आयकत्यात, मला नाय कळत, बाबा."

आईला कळत नव्हतं, तिथं कुंदनला काय कळणार! दोन वर्षं तो असा बोलत राहिला. कधी वाटायचं, नाना ऐकतात. कधी वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय.

अखेर निर्मात्यानं सही केली आणि मरणाचा सीन लागला. कागदावर होतं की आबांनी सुनेच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या आणि मान टाकायची. कुंदननं किल्ल्या दिल्या, आणि मान टाकायच्या आधी त्याच्या तोंडून निघून गेलं, "दीपाच्या लग्नाला यायला पाहिजे होतं. चुकलो मी."

साहाय्यक मनोज गोंधळला. "सर, दीपा कोण?"

मालिकेत दीपा नव्हतीच. हे आबा बोलले की आपण, याचा कुंदनला स्वतःलाच पत्ता लागेना. "मरताना माणूस काहीही बोलतो," तो म्हणाला. "ठेव तसंच."

ते तसंच दाखवलं गेलं. त्या रात्री आईनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपण भलतंच काही करून बसलो, की नाना झोपेतच होते? कुंदनला काही सुधरेना.

तिसऱ्या दिवशी आबांच्या तेराव्याचा सीन होता. कुंदन पहिल्यांदाच अंगात आबांचे कपडे नसताना सेटवर आला. दिवाणखान्यात त्याचाच फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर गावकऱ्यांची रांग. गावकरी व्हायला देवळाली कॅम्पहून गाडी भरून म्हातारी माणसं आणली होती. दारात दिसेल त्या टोपीवाल्याला मनोज आत ओढून रांगेत बसवत होता. कुंदन बाहेर मॉनिटरसमोर बसला. स्वतःच्या फोटोकडे बघवत नव्हतं, म्हणून तो माणसंच बघत होता.

कॅमेरा रांगेवरून सरकला आणि कुंदनमधला दिग्दर्शक भडकला. शेवटच्या म्हाताऱ्यानं एक पाय सरळ सोडला होता. खाली घातलेल्या मानेमुळे टोपीखालचा चेहरा दिसत नव्हता, पण धोतरातून काळा पट्टा ठळक दिसत होता.

"मनोज, त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा पट्टा काढ. फ्रेम बिघडतेय."

मनोज आत गेला, वाकून काहीतरी बोलला आणि परत आला. "सर, ते काढत नाहीत. म्हणतात, माझ्या पोरानं लावायला सांगितलाय."

कुंदननं पुन्हा मॉनिटरकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान वर केली होती. नऊ वर्षं ज्याला नानांनी टीव्हीतच पाहिलं, तो आता नानांना टीव्हीत बघत होता. त्याला उठताही येईना, बसवतही नव्हतं. मग धावत तो आत गेला आणि फोटोपाशी येऊन थांबला. काय बोलायचं असतं, हेच आठवेना. इतकी वर्षं आबा बोलत होते.

"मोटर..." तो कसंबसं म्हणाला. "मोटर भरली का?"

"तवाच भरली," नाना म्हणाले. त्यांनी भिंतीला हात लावून स्वतःला उठवलं, फोटोचा हार काढला आणि मनोजच्या हातात दिला. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात का रे?" मग कुंदनकडे वळले. "तू नुस्ता बोलायचा. कवा उत्तर आयकायला आला का? दीपी काल सांच्यापून येऊन बसलीय. तुझ्या मायच्या गळ्यात पडून सारखी रडतीय. टीव्हीतला मेला ना? आता घरी चल."

मनोज हातात हार धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "सर, शॉट परत लावायचा का?"

कुंदनचे डोळे इतके भरले होते की त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. "यांना विचार," तो म्हणाला.